नावातले दोन देश

जून २०२०. गलवानची बातमी आली तेव्हा मी वैभववाडीत, घरीच. महिनाअखेर ५९ चिनी ॲप्स बंद झाली, त्यात माझी दोन. फोन मात्र चिनीच होता!

त्याच फोनवर मी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल वाचलं. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. चौघे परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वय ३२. पत्नी क्वो छिंगलान नर्स. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. त्याचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

मे २०१३ मध्ये पंतप्रधान ली खछियांग मुंबईत कोटणीसांच्या बहिणीला भेटले. देपसांगमधला तणाव निवळून तेव्हा महिनाही झाला नव्हता. भेटीत मुत्सद्देगिरी होतीच. मला त्याचं वावडं नाही.

मी अडकलो तो यिनहुआपाशी. तो वीस वर्षांचा झाला त्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याच्या नावातले दोन देश लढले. डॉक्टर होता होता, १९६७ मध्ये तोही गेला. त्या युद्धाच्या दिवसांत कुणी त्याला पूर्ण नावाने हाक मारली असेल, तेव्हा त्याने वळून पाहिलं असेल ना?