रंग पाण्यात की नळीत?

मे महिन्यात नांदुऱ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा हवेत कॉम्प्युटरच्या पंख्याने प्रोसेसरला काय गार करायचं? पाणी लावलं तरी ते खोलीतल्या हवेपेक्षा थंड होणार नाहीच. पण हवेपेक्षा ते कितीतरी जास्त उष्णता उचलून नेतं. म्हणून ज्यांना मशीनकडून तासन्‌तास जड काम करून घ्यायचं असतं, ते पंप, रेडिएटर, प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ब्लॉक आणि नळ्या असा संसार मांडतात. सगळं ठरलं की शेवटी एक प्रश्न उरतो. कॅबिनेटची एक बाजू काचेची, आत रंगीत दिवे. मग नळी पारदर्शक घेऊन पाण्यात रंग घालायचा, की पाणी बिनरंगी ठेवून नळीच रंगीत घ्यायची? बहुतेक जण हा निव्वळ आवडीचा मामला समजतात. मला तसं वाटत नाही. हा प्रश्न साडेतीनशे वर्षांहून जुना आहे आणि पहिल्याच फेरीत त्याचं बरंचसं उत्तर मिळालेलं होतं.

ती फेरी इटलीतल्या फ्लॉरेन्सची. तिथे १६५७ मध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयाने ‘अकादेमिया देल चिमेन्तो’ ही प्रयोग करणाऱ्यांची मंडळी जमली. काचेच्या बारीक नळीत मद्यार्क भरून ते तापमापक बनवत. मद्यार्क पाण्यासारखाच नितळ, काचही नितळ. त्यामुळे रेषा कुठपर्यंत चढली ते डोळ्यांना चटकन कळेना. मग काहींनी त्यात किरमिजी रंग किंवा हिरादखणीसारखा तांबडा डिंक मिसळला. रेषा झकास दिसू लागली. पण रंग कितीही हलका घातला तरी कालांतराने काचेला आतून डाग पडत आणि नळी गढूळ दिसे. अकादमीने १६६७ मध्ये आपल्या प्रयोगांचा ग्रंथ छापला, त्यात हा अनुभव नोंदवून मद्यार्क बिनरंगीच ठेवावा असं सांगितलं आहे. मग मोजायचं कसं? त्यांनी नळीवर बाहेरून मिन्याचे बारीक मणी वितळवून बसवले, साध्या अंशांना एका रंगाचे आणि दहाव्याला दुसऱ्या. म्हणजे रंग द्रवातून निघून नळीवर आला. कॅबिनेट उघडून बसलेल्या आजच्या पोरापुढे जे दोन पर्याय असतात, ते दोन्ही त्या मंडळींनी वापरून पाहिले होते.

पाण्यात रंग घालणं चूकच, असं मात्र यातून निघत नाही. आपल्याकडचा गवंडी लांबलचक पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवतो. लांबून दिसावं म्हणून कुणी त्यात चिमूटभर नीळ टाकतं. काम झालं की नळी रिकामी करून गुंडाळून ठेवली जाते. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला तो भेसळ पकडण्यासाठी. या दोन्ही ठिकाणी रंगाला काहीतरी सांगायचं असतं, आणि ते सांगून तो मोकळा होतो. कॉम्प्युटरच्या नळ्यांत तेच पाणी महिनोन्‌महिने, ऊन ऊन, त्याच वाटेने फिरत राहतं.

आजच्या रंगीत कूलंटचा वंश मोटारीकडून आला आहे. इथिलीन ग्लायकॉल हा द्रव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ वुर्त्स याने १८५६ मध्ये प्रथम बनवला. पुढे सत्तर वर्षांनी त्याचा मोठा उपयोग सापडला. पाण्यात मिसळला की थंडीत रेडिएटरमधलं पाणी गोठत नाही. अमेरिकेत १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने तो बाजारात आला. गळती चटकन दिसावी आणि साध्या पाण्यापासून तो वेगळा ओळखू यावा म्हणून अशा द्रवांना रंग देण्याची रीत पडली. त्यातला नावाजलेला पिवळट हिरवा रंग फ्लोरेसिनचा. हे फ्लोरेसिन आडोल्फ फॉन बायर याने १८७१ मध्ये बनवलं. अतिनील प्रकाशात ते झळाळतं आणि किंचितसं असलं तरी दिसतं. १८७७ मध्ये जर्मनीत याच गुणावर एक मोठा वाद मिटला. डॅन्यूब नदीचं पाणी एका ठिकाणी जमिनीत मुरतं, ते कुठे जातं कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे सुमारे १० किलो रंग सोडला आणि साधारण ६० तासांनी आख नावाचा झरा हिरवागार वाहू लागला. तो झरा ऱ्हाईनला मिळणारा, म्हणजे डॅन्यूबचं पाणी चोरवाटेने दुसऱ्याच नदीत जात होतं. रंगाने एवढी मोठी बातमी द्यावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हौशी मंडळींनी घरच्या कॉम्प्युटरवर पाणी आणलं. इंटेलचा १९९८चा स्वस्त ‘सेलेरॉन ३००ए’ ३०० मेगाहर्ट्‌झचा असून अनेकांकडे ४५० वर धावे. मात्र वेग वाढला की उष्णताही वाढे. तयार सामान जवळपास नव्हतंच. पंप मत्स्यपेटीचा, रेडिएटर म्हणून मोटारीच्या हीटरचा कोअर, नळी हार्डवेअरच्या दुकानातली, आणि पाण्यात गंज धरू नये म्हणून मोटारीचंच कूलंट. त्या कूलंटबरोबर हिरवा रंग आयताच घरात आला. मग कॅबिनेटला खिडकी कापली गेली, आत अतिनील दिवा बसला आणि गळती दाखवायला जन्मलेला रंग शोभेच्या कामाला लागला. रंगाच्या बाटल्या वेगळ्या विकल्या जाऊ लागल्या त्या त्यानंतर.

नळीचं घराणंही पाहिलं पाहिजे. पीव्हीसी हे मूळचं कडक, ठिसूळ प्लॅस्टिक. ते मऊ कसं करायचं हे अमेरिकेत वॉल्डो सेमन याने १९२६ मध्ये शोधलं. त्यात तेलासारखी मऊ करणारी रसायनं मिसळतात. त्यातली फार वापरली गेलेली जात म्हणजे थॅलेट. थॅलेट बनतात थॅलिक अनहायड्राइडपासून, आणि बायरचं फ्लोरेसिनही त्याच पदार्थापासून बनतं. हा पदार्थ पूर्वी नॅफ्थलिनपासून काढत, म्हणजे कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्यांपासून. पाण्यातला तो रंग आणि नळीतला मऊपणा एका आजोबांची नातवंडं निघाली!

आणि ही भावंडं नांदत नाहीत. मऊ नळीतलं रसायन गरम पाण्यात हळूहळू पाझरतं, नळी आतून दुधी होते. त्यावर रंगाचे कण चिकटतात. प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये तांब्याच्या पात्या असतात, दोन पात्यांमधली फट मिलिमीटरहूनही पुष्कळ कमी. सुटा होऊन साचणारा प्रत्येक कण तिथे अडकतो. पूर्ण विरघळलेला रंग, थोडासाच घातलेला, त्यातल्या त्यात सोसतो. त्याने गारव्यात फरक पडत नाही. पण दुधासारखे अपारदर्शक ‘पेस्टल’ कूलंट म्हणजे पाण्यात तरंगत ठेवलेले बारीक कण. काच-खिडकीतून ते सुरेख दिसतात, हे मान्यच आहे. पण पंप बंद राहिला किंवा पाण्यातलं रसायन बिघडलं की ते बसतात, आणि उन्हाळ्यात तापमान का चढतंय याचं कारण शेवटी ब्लॉक उघडल्यावर पात्यांत सापडतं.

रंगीत नळीचे पूर्वज वेगळे. गिरणीतल्या लोखंडी नळाच्या आतलं दिसत नाही, म्हणून बाहेरून रंग देऊन ओळख ठेवतात. भारतीय मानक आयएस २३७९ मध्ये हे रंग ठरवून दिले आहेत: पाण्याला समुद्री हिरवा, हवेला आकाशी, आम्लाला गडद जांभळा. इथे रंगाचा द्रवाशी संबंधच येत नाही, हीच त्याची ताकद. मोठ्या संगणकांनीही रंगीत पाण्याच्या शोभेची वाट धरली नाही. १९८५चा ‘क्रे-२’ तर पारदर्शक, वीज न वाहणाऱ्या द्रवात अख्खा बुडवलेला होता. आपल्या पुण्यात ‘आयसर’मध्ये २०१९ मध्ये सुरू झालेला ‘परम ब्रह्म’ पाणी थेट उष्ण भागाजवळ नेऊन थंड ठेवला जातो. अशा ठिकाणी पाण्याला दिसायचं नसतं, काम करायचं असतं.

नांदुऱ्यापुरतं बोलायचं तर आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली पाण्याची. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा या तालुक्यातही आहे. इथल्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळ्यांवर पांढरे थर कसे चढतात ते घरोघरी माहीत आहे. ते पाणी तांब्याच्या पात्यांत कधीही घालू नये. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणीच घ्यावं. त्यात शेवाळ धरू नये म्हणून एके काळी परदेशी हौशी लोक टाकीत चांदीच्या तारेचं वेटोळं सोडत. शेजारच्या खामगावची चांदी नावाजलेली, तिथे असं वेटोळं कुणीही करून देईल. पण ब्लॉकवर निकेलचा मुलामा असेल तर चांदीने तो खराब होतो असे वाद झाले, आणि ती रीत मागे पडली. तेव्हा तयार जंतुनाशकाचे थेंब बरे. शेवाळाला उजेड लागतो, त्यामुळे अपारदर्शक रंगीत किंवा काळी रबरी नळी इथेही उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट उन्हाची. जोर पडल्यावर नळ्यांतलं पाणी खोलीपेक्षा १०-१५ अंश वर सहज जातं. खोलीच ४५ वर असेल तर पाणी ६० च्या घरात. कडक नळ्यांत पीईटीजीची नळी सोपी आणि स्वस्त, पण ती ८० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि बरेच उत्पादक पाणी ६० च्या आतच ठेवायला सांगतात. पंप दुपारी बंद पडला तर तेवढी सवड राहत नाही. अॅक्रिलिक कापायला कटकटीचं, पण उष्णता जास्त सोसतं. युरोपातल्या थंड खोलीत बसून लिहिलेल्या सल्ल्यात या गोष्टीवर क्वचितच भर असतो.

माझा कौल रंगीत नळीला आहे, पाणी नितळ. तोटा एकच, तोही खरा: रंगाचा कंटाळा आला की सगळ्या नळ्या बदलाव्या लागतात. पाण्यात रंग हवाच असेल तर विरघळणारा, मोजके थेंब, पारदर्शक नळीत. पिवळ्या नळीत निळं पाणी घातलं तर हिरवंच दिसणार. शिवाय वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, उन्हाळा चढायच्या आत, सगळं उतरवून ब्लॉकच्या पात्या बघाव्यात. काढलेल्या पाण्यात ग्लायकॉल असेल तर ते अंगणात किंवा गटारात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री, वासरं त्याला तोंड लावतात. झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, ज्या गॅरेजमध्ये जुनं कूलंट गोळा होतं तिथे द्यावं, आणि तोवर डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवावा.