तबकडीत उरलेले श्रोते

खुलताबाद म्हटले की आज औरंगजेबाची कबर आठवते. पण त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधी या परिसरात चिश्ती सुफींची 'समाअ', म्हणजे ईश्वरभक्तीने एकत्र बसून गाणे ऐकण्याची साधना, रुजली होती. हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा समाअवर विशेष जीव होता. १३३७ मध्ये ते निवर्तले. त्यांचा दर्गा खुलताबादेतच आहे. समाअसाठी सुफी परंपरा जुनैद बगदादी यांच्या नावे तीन अटी सांगते : जमान, मकान आणि इख्वान. योग्य वेळ, योग्य जागा, योग्य सोबती. या तिन्हींत गायकाचे नाव नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अटी आहेत त्या ऐकण्याच्या.

ध्वनिमुद्रणाने पहिला घाव घातला तो नेमका या तिन्हींवर. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा समोर रसिक नव्हते, कर्णा होता. आणि वेळ होता जेमतेम तीन मिनिटांचा. रागाचा विस्तार, श्रोत्यांची दाद, रात्र चढत जाणे, यांतले काहीच त्या तबकडीत मावणारे नव्हते. उलट बाजूला भास्करबुवा बखले. १९२२ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या गाण्याची मुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांचे गाणे आपल्यापर्यंत आले ते ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून. एकीकडे श्रोत्यांविना स्वर, दुसरीकडे स्वरांविना श्रोते, अशी ही दोन टोके होती.

चुंबकीय फीत आणि १९४८ मध्ये बाजारात आलेली एल.पी. यांनी ही टोके जवळ आणली. आता मैफल चालू असतानाच, ती न अडवता, मुद्रित करता येऊ लागली. जॅझमधले याचे एक ठळक उदाहरण २५ जून १९६१ चे, रविवारचे आहे. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरातल्या क्लबात पियानोवादक बिल एव्हन्स, बासवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशन यांनी दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच फेऱ्या वाजवल्या. 'रिव्हरसाइड' कंपनीसाठी ओरिन कीपन्यूज यांनी ते ध्वनिमुद्रण करवून घेतले. या त्रयीत बास केवळ साथीला नाही. तो पियानोला उत्तर देतो, मध्येच विषय बदलतो. आपल्या जुगलबंदीहून हे निराळे आहे : इथे चढाओढ नाही, तिघांचे संभाषण आहे. आणि त्याच्या मागे ग्लासांची किणकिण, कुजबूज, हसणे ऐकू येते.

अवघ्या अकरा दिवसांनी, ६ जुलैला, पंचवीस वर्षांचा लाफारो मोटार अपघातात गेला. एव्हन्स त्यानंतर कित्येक महिने जाहीरपणे वाजवू शकला नाही. पहिल्या तबकडीसाठी तुकडे निवडले गेले ते लाफारोचे काम उठून दिसावे म्हणून. त्याच्या स्वतःच्या दोन्ही रचना तीत घेतल्या. उरलेल्यांपैकी काही तुकड्यांची 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही दुसरी तबकडी पुढे निघाली. म्हणजे पहिली आवृत्ती ही त्या दिवसाची नोंद जितकी, तितकीच शोकाने केलेली निवड होती. पहिल्याच तुकड्यात मध्ये वीज गेल्याने मुद्रणात खंड पडला होता. तो तुकडा वगळला गेला. २००५ च्या संचात मात्र सगळ्या फेऱ्या वाजवल्या त्या क्रमाने आल्या, त्या खंडासकट.

याच ध्वनिमुद्रणाच्या चोखंदळ श्रोत्यांसाठी काढलेल्या महागड्या आवृत्त्याही आहेत. 'अॅनालॉग प्रॉडक्शन्स'ने ते ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्यांवर आणले. त्यामागचे गणित सोपे आहे. तबकडी ३३⅓ ऐवजी ४५ फेऱ्यांनी फिरली की सुईखालून दर सेकंदाला ३५ टक्के जास्त खाच सरकते, त्यामुळे बारीक कंपने अधिक स्वच्छ कोरता येतात. बदल्यात एका बाजूवर मावणारा वेळ घटतो, आणि एकाच्या दोन तबकड्या होतात. गंमत अशी की शुद्धतेसाठी केलेला हा खर्च पियानोबरोबर ग्लासांची किणकिणही अधिक स्पष्ट करतो. जमान, मकान, इख्वान तिन्ही परत येतात, निदान सावलीच्या रूपाने.

हा प्रश्न परका नाही. टेडी वेदरफोर्डने १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये पियानो वाजवला, १९७८ मध्ये मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली. पण त्याहून मोठा ठेवा आपल्या खासगी मैफलींच्या फितींचा आहे. फीत जुनी झाली की तिच्यावरचा चुंबकीय थर सुटू लागतो, म्हणून त्या संगणकावर उतरवणे तातडीचे आहेच. मात्र उतरवताना आवाज 'स्वच्छ' करण्याच्या हौसेत तंबोरा जुळवणे, गवयाने शिष्याला केलेली सूचना, समेवरची दाद कापली जाते. फितीची खरखर हा काळाचा गंज आहे. तो जरूर काढावा. दाद हा गंज नव्हे. कोणत्या जागेला कोण दाद देत होते, कुठे मैफल गप्प झाली, हे पुढच्या अभ्यासकाला दुसरे कोणतेही कागदपत्र सांगणार नाही. म्हणून मूळ फितीची अनकापी प्रत आधी जपावी, आणि मगच ऐकण्यासाठीची देखणी आवृत्ती काढावी.