मृत्यूचे छायाचित्र : ‘द अ‍ॅस्फिक्स’चा इतिहाससंदर्भ

पीटर न्यूब्रुक यांच्या ‘द अ‍ॅस्फिक्स’ (१९७२) या दुर्लक्षित ब्रिटिश चित्रपटातील व्हिक्टोरियन संशोधक सर ह्यूगो यास मरणासन्नांच्या छायाचित्रांत एक डाग आढळतो. तो मृत्युदूत मानून, त्याला प्रकाशझोतात कोंडून तो अमरत्व मिळवतो. ही निव्वळ भयकथा नव्हे. १८६०च्या दशकात बोस्टनमध्ये विल्यम मम्लर आत्म्यांची छायाचित्रे विकत होता. थॅलियमचे संशोधक विल्यम क्रुक्स यांनी १८७४ मध्ये ‘केटी किंग’ या कथित आत्म्याची छायाचित्रे घेतली. अर्थात, तत्कालीन गूढवाद विज्ञानाचा प्रतिपक्ष नव्हता. डळमळत्या श्रद्धेसाठी त्याने विज्ञानाचीच पुराव्याची परिभाषा स्वीकारली होती. म्हणूनच ह्यूगोची शोकांतिका अंधश्रद्धेची नसून, मृत्यूलाही प्रयोगविषय करणाऱ्या ज्ञानलालसेची ठरते. त्याला अमरत्व लाभते; आप्त मात्र एकही उरत नाही.