तळटीप १४ : ल्यूकेनबाक

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात, गिलेस्पी काउंटीत, फ्रेडरिक्सबर्गच्या आग्नेयेला सुमारे २० किलोमीटरवरची वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन स्थलांतरितांनी वसवली. नगरपालिका नाही, कारभार काउंटीकडे. साहजिकच ठरलेली हद्दही नाही. डोकी मोजायची ती कुठवर? लेखकाने दिलेला ‘लोकसंख्या ३’ हा आकडा म्हणूनच शब्दशः घेऊ नये. जुनी टपालकचेरी, तीच दुकान, मागे गुत्ता, पलीकडे नाचघर, एवढ्या आवारापुरता तो गमतीने मिरवला जातो. १९०४च्या सुमारास इथे पाचशेच्या आसपास माणसे होती. १९७१मध्ये टपालकचेरी बंद झाली. वेलन जेनिंग्स यांच्या १९७७च्या गाण्याने गाव देशभर गाजले. गाणे रचणारे दोघे तोवर तिकडे फिरकलेही नव्हते.