आरोग्यविमा अभिकर्ते व दलाल यांच्या संघटना

आरोग्यविम्याची विमापत्रे लोकांपर्यंत नेणाऱ्या मध्यस्थांनी आपल्या व्यावसायिक हितरक्षणासाठी स्थापन केलेल्या संस्था. मध्यस्थांचे दोन प्रमुख वर्ग आहेत. अभिकर्ता (एजंट) हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो. दलाल हा कायद्याच्या दृष्टीने ग्राहकाच्या वतीने निरनिराळ्या कंपन्यांची विमापत्रे पारखतो. दोघांनाही मोबदला मात्र मुख्यतः कंपनीकडूनच मिळतो. या संघटनांच्या इतिहासातील बहुतेक वाद या विसंगतीतून उद्‌भवले आहेत.

१९३८ च्या विमा अधिनियमाने अभिकर्त्यांना परवाना आवश्यक केला आणि १९५० च्या दुरुस्तीने कमिशनवर कमाल मर्यादा घातली. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. नांदेड व आजचा लातूर जिल्हा त्यावेळी हैदराबाद राज्यात होते. एकच मोठी संस्था समोर आल्याने, पगाराऐवजी कमिशनवर काम करणाऱ्या अभिकर्त्यांना एकत्र येण्याची गरज भासली. १९६४ मध्ये ‘लाइफ इन्शुरन्स एजंट्स फेडरेशन ऑफ इंडिया’ ही संघटना स्थापन झाली.

सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अंमलात आले. त्याच्या चार सरकारी कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ ही योजना आणली. १९९९ च्या अधिनियमाने विमा व्यवसाय खाजगी कंपन्यांस खुला झाला. २००१ मध्ये दलालांची ‘इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशन ऑफ इंडिया’ स्थापन झाली. २०१८ च्या विनियमांनी थेट दलालासाठी किमान ७५ लाख रुपये भांडवल ठरविले. साहजिकच हा व्यवसाय महानगरांकडे झुकला. २०१५ च्या दुरुस्तीने आरोग्यविम्यास स्वतंत्र व्यवसायाचे स्थान दिले. अभिकर्त्यास एका आयुर्विमा, एका सर्वसाधारण विमा व एका आरोग्यविमा कंपनीचे काम एकाच वेळी करता येऊ लागले. त्यामुळे आयुर्विम्याचा अभिकर्ता आरोग्यविम्याचाही अभिकर्ता होऊ शकला.

आयुर्विमा महामंडळाचे विभागीय कार्यालय नांदेड येथे आहे. तथापि या भागातील सामान्य कुटुंबांना रुग्णालयीन विमासंरक्षण मोठ्या प्रमाणावर मिळाले, ते अभिकर्त्याविना. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेडचा समावेश होता. लातूरला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली. हप्ता शासनाने भरला आणि रुग्णालयात मार्गदर्शनासाठी ‘आरोग्यमित्र’ नेमले गेले. ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते.

संघटनांचे लक्ष प्रामुख्याने कमिशन व सेवाशर्तींवर राहिले. २००९ मध्ये स्वरूप समितीने कमिशन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली, तिला अभिकर्त्यांनी विरोध केला. २०२३ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या अभिकर्त्यांच्या उपदानाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाली. त्याच वर्षी प्रत्येक विमाप्रकारावरील स्वतंत्र कमिशनमर्यादा जाऊन कंपनीच्या एकूण खर्चाची मर्यादा आली. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला.

दाव्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २००१ च्या विनियमांनी दाव्यांची छाननी करणाऱ्या त्रयस्थ प्रशासक संस्थांना मान्यता दिली. दावा मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार अभिकर्त्यास नाही. तरीही दावा नाकारला गेल्यास विमेदार प्रथम त्याच्याच दारी जातो, कारण तो त्याच्या गावचा व ओळखीचा असतो. ज्या विश्वासावर अभिकर्त्याची उपजीविका चालते, तो असा दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असतो. म्हणून विमेदाराच्या दाव्याची बाजू मांडणे हे परोपकाराचे नव्हे, तर अभिकर्त्यांच्या संघटनांच्या स्वहिताचेच कार्य ठरते.