मुंबईतील चिनी समाज आणि मूळगावाचा शोध

मुंबईतील चिनी समाज हा मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सागरी व्यापार, जहाजांवरील नोकरी व लहान व्यवसायांच्या निमित्ताने मुंबईत स्थायिक झालेल्या चिनी स्थलांतरितांच्या वंशजांचा छोटा समाज आहे. या स्थलांतरितांपैकी अनेक जण दक्षिण चीनमधील क्वांगतोंग प्रांतातून आले होते. त्यांच्या वंशजांनी चीनमधील आपले मूळगाव, कुळ व नातलग यांचा माग काढणे, याला चिनी भाषेत 'श्युन-गन' म्हणजे 'मुळांचा शोध' असे म्हणतात. भारतात या शोधाची लेखी साधने तुटपुंजी आहेत. त्यामुळे मुंबईतील कुटुंबांच्या बाबतीत माझगाव येथील सी यप मंदिर, अँटॉप हिल येथील चिनी दफनभूमी आणि घरोघरी जपलेली कागदपत्रे यांना विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

भारतातील चिनी वसाहतीचा आरंभ सामान्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मानला जातो. कोलकात्याजवळ हुगळी नदीच्या काठी तोंग अच्यू या व्यापाऱ्याने वॉरन हेस्टिंग्जच्या काळात जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून ती जागा अछीपूर म्हणून ओळखली जाते. पुढे कोलकाता हे भारतातील चिनी समाजाचे प्रमुख केंद्र झाले.

महाराष्ट्रात चिनी माणसांचे एक जुने वास्तव्य महाबळेश्वर येथे होते, परंतु ते स्वेच्छेचे नव्हते. पिनांग, मलाक्का व सिंगापूर या ब्रिटिश वसाहतींतील चिनी व मलायी कैद्यांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात पाठवले जात असे. त्यांच्यासाठी महाबळेश्वरला तुरुंग होता आणि तेथील भाजीपाल्याच्या बागा हे कैदी राखीत. या बागांच्या परिसरातील धबधबा आजही 'चायनामन' या नावाने ओळखला जातो. स्थळनामात या लोकांची स्मृती उरली, मात्र ते कोणत्या गावचे होते याचा माग त्या नावातून लागत नाही.

मुंबई शहरातील समाज बंदराच्या आश्रयाने वाढला. माझगाव व गोदी परिसरात चिनी खलाशी राहत. कामाठीपुऱ्यातील शुक्लाजी स्ट्रीटचा भाग एकेकाळी शहराचा 'चायनाटाउन' म्हणून परिचित होता. दंतवैद्यक, केशकर्तन, पादत्राणे आणि खानावळी हे या समाजाचे प्रमुख व्यवसाय होते.

मूळगावाची संकल्पना

चिनी परंपरेत व्यक्तीची ओळख तिच्या जन्मस्थानापेक्षा पित्याच्या घराण्याच्या मूळगावाने सांगितली जाते. परदेशात जन्मलेल्या तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीतील व्यक्तीचेही मूळगाव पणजोबांचेच असते. महाराष्ट्रातील मूळगाव व कुलदैवत या कल्पनांशी तिचे साम्य आहे. महत्त्वाचा फरक आडनावाचा आहे. मराठी समाजात 'कर' प्रत्यय लागलेल्या आडनावातून पुष्कळदा गावाचे नाव कळते. कोकणातील बेने इस्रायली समाजाची पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावेही अशीच आहेत. चिनी आडनाव मात्र कुळ दाखवते, गाव दाखवत नाही. एकच आडनाव कोट्यवधी लोकांचे असू शकते. दक्षिण चीनमध्ये एकाच आडनावाच्या लोकांची वस्ती असलेली गावे पुष्कळ आहेत. त्यामुळे आडनाव, जिल्हा आणि गाव या तिन्ही गोष्टी एकत्र कळल्या तरच शोध पूर्ण होतो.

सी यप मंदिर

माझगाव येथील सी यप मंदिर इ.स. १९१९ मध्ये बांधले गेले. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या शौर्य व न्यायाच्या देवतेचे स्थान आहे, तर खाली क्वान यिन या करुणेच्या देवीची पूजा होते. चिनी नववर्षाला समाजातील लोक येथे एकत्र येतात.

मूळगावाच्या शोधात मंदिराचे नाव हाच पहिला पुरावा आहे. 'सी यप' हा कँटोनीज उच्चार असून त्याचा अर्थ 'चार जिल्हे' असा होतो. शिनहुई, ताईशान, काईपिंग आणि एनपिंग हे ते चार जिल्हे होत. हा प्रदेश मोत्यांच्या नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेस असून आज तो च्यांगमेन शहराच्या प्रशासनाखाली येतो. अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियाला गेलेले असंख्य चिनी स्थलांतरित याच भागातील होते. परदेशात एका प्रदेशातील लोकांनी एकत्र येऊन संस्था स्थापन करण्याची चिनी प्रथा होती. नवख्याला निवारा देणे, आजाऱ्याची काळजी घेणे, मृताचा अंत्यविधी करणे आणि गावाकडे निरोप पोहोचवणे ही कामे अशा संस्था करीत. म्हणून एखाद्या कुटुंबाचे सी यप संस्थेशी जुने नाते असेल, तर शोधाचे क्षेत्र संपूर्ण चीनवरून चार जिल्ह्यांपर्यंत मर्यादित होते.

भारतातील सर्वच चिनी कुटुंबे या भागातील नाहीत. कोलकात्यातील हाक्का समाजाचे मूळ प्रामुख्याने क्वांगतोंगमधील मेईश्येन परिसरात आहे, तर दंतवैद्यकाचा व्यवसाय करणारी अनेक कुटुंबे हुबेई प्रांतातील आहेत. घरात बोलली जाणारी बोली आणि पिढीजात व्यवसाय यांवरूनही प्रदेशाचा अंदाज बांधता येतो.

शोधाची साधने

थडगी : परदेशातील चिनी थडग्यांवर मृताच्या नावाबरोबर प्रांत, जिल्हा व गाव चिनी लिपीत कोरण्याची प्रथा आहे. मुंबईत जन्म-मृत्यूच्या नोंदी इंग्रजीत झाल्याने मूळ चिनी नाव व गाव ही माहिती त्यांत सहसा येत नाही. त्यामुळे पणजोबांचे थडगे हे काही कुटुंबांसाठी गावाचे नाव सांगणारे एकमेव साधन ठरू शकते. अँटॉप हिल येथील दफनभूमीचे महत्त्व त्यामुळे धार्मिक विधींपुरते मर्यादित नाही. एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंग या पितृस्मरणाच्या सणाला थडगी साफ करण्याची रीत आहे. या रीतीमुळे कोरीव अक्षरे वाचता येण्याजोगी राहण्यासही मदत होते.

कुलवृत्तान्त : चिनी घराण्यांच्या वंशावळीच्या ग्रंथाला 'त्सू-पू' म्हणतात. मराठी घराण्यांच्या कुलवृत्तान्तांशी किंवा त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांशी त्याची तुलना करता येते. अनेक कुळांत प्रत्येक पिढीसाठी एक अक्षर ठरलेले असते व त्या पिढीतील सर्व पुरुषांच्या नावात ते येते. पूर्वजाच्या नावातील हे अक्षर कळल्यास वंशावळीतील त्याची पिढी निश्चित करता येते. जुन्या वंशावळींत मुलींची नावे बहुधा गाळलेली असतात आणि पत्नींची नोंद केवळ माहेरच्या आडनावाने होते, त्यामुळे आईकडील शाखांचा शोध अधिक कठीण असतो. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (इ.स. १९६६–१९७६) अशा अनेक वंशावळी नष्ट झाल्या. उरलेल्यांचा मोठा संग्रह शांघाय ग्रंथालयात आहे.

पत्रे व पावत्या : गावाकडे पाठवलेल्या पैशांसोबतची पत्रे, लिफाफ्यांवरील पत्ते आणि छायाचित्रांच्या मागील मजकूर यांतून गावाचे नाव मिळू शकते. क्वांगतोंग व फूच्यान प्रांतांतील अशा पैसे पाठवण्याच्या पत्रव्यवहाराचा समावेश इ.स. २०१३ मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत करण्यात आला.

शोधातील अडचणी

सर्वांत मोठी अडचण नावांच्या लिप्यंतराची आहे. एकच चिनी आडनाव कँटोनीजमध्ये 'चान', मँडरिनमध्ये 'चेन' आणि होक्कियेनमध्ये 'तान' असे उच्चारले जाते. दुसरे एक आडनाव 'वाँग' किंवा 'हुआंग' असे लिहिले जाते. उलटपक्षी, भिन्न अक्षरांची आडनावे इंग्रजीत सारखीच दिसू शकतात. चिनी पद्धतीत आडनाव आधी येते, हे ठाऊक नसलेल्या कारकुनांनी कित्येकदा व्यक्तिनामालाच आडनाव समजून नोंद केली. नावापूर्वी जवळिकीने लावला जाणारा 'अ' हा उपसर्गही नावाचाच भाग मानला गेला. अशा रीतीने पुढच्या पिढ्यांचे खरे आडनाव कागदोपत्री हरवले. म्हणून शोधाची पहिली पायरी पूर्वजाचे नाव मूळ चिनी अक्षरांत मिळवणे ही असते.

स्थळनामांतील बदल ही दुसरी अडचण आहे. ताईशान जिल्ह्याचे नाव इ.स. १९१४ पर्यंत शिननिंग असे होते. याच नावाचे जिल्हे अन्य प्रांतांतही असल्याने ते बदलण्यात आले. जुन्या थडग्यावर किंवा पत्रावर 'शिननिंग' वाचून आजच्या नकाशात शोध घेणारा चुकीच्या प्रांतात पोहोचू शकतो.

इ.स. १९६२ च्या युद्धाचे परिणाम

भारत-चीन युद्धाने मूळगावाच्या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. युद्धकाळातील अध्यादेशानुसार, ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीही शत्रुराष्ट्राचे नागरिक होते, अशा व्यक्तींवर परकीयांविषयीचे निर्बंध लादता येत होते. भारतात जन्मलेल्यांनाही त्यातून सूट नव्हती. प्रामुख्याने आसाम व पश्चिम बंगालमधील सुमारे ३,००० चिनी वंशीयांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. काही जण तेथे अनेक वर्षे होते, तर काहींची चीनला रवानगी झाली. या घटनांचा वृत्तान्त जॉय मा व दिलीप डिसोझा यांच्या 'द देवलीवालाज' (इ.स. २०२०) या पुस्तकात आला आहे.

आजोबांचे गाव हा कुटुंबाचा अभिमानाचा विषय असतो. या काळात तोच संशयाचा आधार ठरला. अनेक कुटुंबे कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांत गेली. दोन्ही देशांतील राजदूत स्तरावरील संबंध इ.स. १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाले, पण तोपर्यंत गावाकडचा पत्ता तोंडपाठ असलेली पिढी वृद्ध झाली होती आणि भारतात वाढलेल्या पिढ्यांतून चिनी लिपीचे ज्ञान कमी होत गेले होते.

अन्य देशांशी तुलना

अमेरिकेत इ.स. १८८२ ते १९४३ या काळात चिनी कामगारांच्या प्रवेशावर बंदी होती. बंदीतून सूट मागणाऱ्यांची अधिकारी कसून चौकशी करीत. गावात किती घरे आहेत, विहीर कोठे आहे, शेजारी कोण राहतो, असे प्रश्न विचारून उत्तरे लिहून घेतली जात. काहींनी खोट्या नात्यांवर प्रवेश मिळवल्याने या नोंदी पडताळून पाहाव्या लागतात. तरीही अपमानास्पद कायद्यातून निर्माण झालेली ही कागदपत्रे आज वंशजांना गावापर्यंत पोहोचवतात. कॅनडातील डोईपट्टीच्या नोंदींचाही असाच उपयोग होतो. सॅन फ्रान्सिस्को येथे इ.स. १९९१ पासून तरुणांना पूर्वजांच्या गावी नेणारा उपक्रम राबवला गेला.

मुंबईला आलेल्या खलाशांची अशी गावनिहाय चौकशी झाली नाही. त्यांना प्रवेशासाठी आपले गाव सिद्ध करावे लागले नाही. परिणामी त्यांच्या वंशजांना ते सिद्ध करणारा कागदही मिळत नाही. या स्थितीत थडग्यांवरील अक्षरांची छायाचित्रे घेणे, ज्येष्ठांच्या आठवणी नोंदवणे आणि नावे मूळ लिपीत लिहून ठेवणे ही कामे मूळगावाच्या शोधाचा पाया ठरतात.