जुनी साहसकथा पुन्हा का सांगावी?

दूरचित्रवाणीवर किंवा चित्रपटात एखादी जुनी साहसकथा नव्याने आली म्हणजे सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. तोच गड, तोच घोडा, तीच तलवार. नवे सुचत नाही म्हणून जुने उकरून काढतात, असा त्यांचा आक्षेप असतो. आम्ही हिरकणीवाडीचे. आमच्या वाडीला नावच मुळी एका साहसकथेने दिले, तेव्हा हा आक्षेप आम्हांला मुकाट्याने ऐकून घेववत नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले, म्हणून इतिहासाकडे आम्ही पाहतो तेही कामगाराच्या बाजूने. ते येथे जमलेले श्रोते चालवून घेतील, अशी आशा आहे.

हिरकणीची हकीकत ठाऊक नाही असा माणूस या सभेत नसेल. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, तोफ होऊन बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हे मूल, आणि मग अंधारात कडा उतरून जाणे. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असा तिचा शेवट. ही कथा आपल्याकडे बखरकारांच्या लेखणीतून आली नाही, ती लोकांच्या तोंडून आली. प्रत्येक पिढीने ती पुन्हा सांगितली म्हणूनच ती राहिली. एका पिढीने जरी 'हे जुने झाले' म्हणून तोंड मिटले असते, तरी कड्यावर नुसता एक बुरूज उरला असता.

शेजारच्या पोलादपूर तालुक्यात उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचे गाव. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर जे घडले ते आधी तुळसीदास शाहिराने पोवाड्यात गाइले. पुढे १९०३ साली हरि नारायण आपट्यांनी त्यावर 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली. १९२३ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' हा मूकपट काढला आणि त्यात कृत्रिम प्रकाशात चित्रण करण्याचा प्रयोग केला. त्या मूकपटात शेलारमामाचे काम करणारा तरुण होता शांताराम वणकुद्रे. दहा वर्षांनी, १९३३ साली, याच व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीसाठी 'सिंहगड' पुन्हा काढला, कारण मधल्या काळात चित्राला वाचा फुटली होती. मुक्या शेलारमामाला बोलता करावेसे त्यांना वाटले, यात नवे न सुचण्याचा प्रश्न कोठे येतो? त्यानंतर २०२० च्या जानेवारीत 'तान्हाजी' हिंदीत आला आणि उमरठचे नाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते अशा लाखो लोकांनी तो पाहिला. त्यातला सगळाच इतिहास आम्हांला पटलेला नाही, पण तो वेगळा विषय.

एक गोष्ट येथे विसरता येत नाही. पडद्यावरचा इतिहास फार लवकर जळतो. जुनी फिल्म नायट्रेटची असे, ती ठिणगीलाही पुरत नाही. आपल्या मूकपटांपैकी बहुतेक आज उरलेले नाहीत. त्यांतले जे वाचले ते जपण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, तरी २००३ च्या आगीत पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेला. भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ साली, गांधीहत्येनंतरच्या दंगलीत, जाळला गेला. भालजींनी राखेतून उठून 'मीठभाकर' पुन्हा चित्रित केला. त्याच भालजींचा 'पावनखिंड' १९५६ सालचा, आणि त्याच नावाचा नवा चित्रपट २०२२ साली आला. जुना चित्रपट आहेच की, मग नवा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी आधी तो जुना पाहायला कोठे मिळतो याचा शोध करून पाहावा.

तरीही आक्षेप उरतोच. जुने जेथे उत्तम राखले आहे, तेथे काय? १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागले की आमच्याकडे एका दूरचित्रवाणी संचापुढे सारी आळी बसत असे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि दूरदर्शनने तीच मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा आमची मुलेही ती बघत बसली. जुने दाखवायला आमची मुळीच ना नाही. पण जुने दाखविणे वेगळे आणि जुने नव्याने करणे वेगळे. पहिल्यात आपण मागच्या पिढीचे प्रश्न ऐकतो, दुसऱ्यात आपले विचारतो. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा रचला, तेव्हा जुने पोवाडे काय नव्हते? होते. पण शेतकऱ्याचा राजा म्हणून त्याकडे पाहणारा नव्हता. अण्णाभाऊ साठ्यांनी तोच पवाडा उचलून स्टालिनग्राडच्या लढाईवर गाइला आणि गिरणगावातला कामगार डफाच्या थापेवर रशियाची बातमी ऐकू लागला.

आता आमच्या धंद्याची एक हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण नव्याने करण्याची बाजू घेताना तिची काळी बाजू झाकणे बरे नव्हे. अमेरिकेत 'मिशन इम्पॉसिबल' नावाची साहसमालिका १९६६ ते १९७३ या काळात गाजली. १९८८ साली तेथील पटकथालेखकांच्या संघटनेने संप पुकारला. तो सुमारे पाच महिने चालला. लेखक लिहीत नाहीत, मग वाहिन्यांनी दाखवायचे काय? एका वाहिनीने ही जुनी मालिका पुन्हा काढायचे ठरविले, कारण जुन्या संहिता कपाटात पडून होत्या आणि त्यांवर काम चालवता येत होते. चित्रणही स्वस्त पडावे म्हणून ऑस्ट्रेलियात नेले. हे वाचले तेव्हा आम्हांला १९८२ चा गिरणी संप आठवला. मुंबईचे माग बंद असताना कापड मागावरून उतरतच होते, फक्त ते यंत्रमागांच्या गावी उतरत होते. महाड-पोलादपूरची कितीतरी माणसे त्या संपात हात हलवीत गावी परतली, ती आम्ही लहानपणी पाहिली आहेत. तेव्हा कोणी जुनी मालिका नव्याने काढतो म्हटले की आम्ही आधी विचारतो, लेखकाला पैसे मिळाले का?

दुसरे विचारतो, उडी कोण मारतो? साहसकथेत नायक कड्यावरून उडी घेतो, पण अंग मोडते ते दुसऱ्याचे. १९८९ च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' या मालिकेचे चित्रण चालू असताना आग लागली आणि साठांहून अधिक माणसे होरपळून मेली. संजय खान स्वतः फार भाजले, पण बरे होऊन त्यांनी मालिका पुरी केली आणि १९९० साली ती दूरदर्शनवर आली. मेलेल्यांची नावे कितीजणांना सांगता येतील? आमच्याच जिल्ह्यात, कर्जतला, नितीन देसाईंनी २००५ साली स्टुडिओ उभारला आणि २००८ साली 'राजा शिवछत्रपती' ही मालिका काढली. शिवकालाचा तो सारा देखावा सुतार, रंगारी आणि गवंडी यांच्या हातांनी उभा राहिला. असली कामे पुन्हा पुन्हा निघाली तर या हातांना काम मिळते, हेही आमच्या बाजूचे एक कारण आहे आणि ते सांगायला आम्हांला लाज वाटत नाही.

आता पुन्हा आमच्या वाडीकडे येतो. २०१९ च्या दिवाळीत प्रसाद ओक यांनी 'हिरकणी' हा चित्रपट काढला. सोनाली कुलकर्णी यांनी तो कडा उतरून दाखविला. १९९६ पासून आमच्या वाडीतूनच रोपवे गडावर जातो. माणूस चार-पाच मिनिटांत वर पोचतो आणि खाली पाहून म्हणतो, 'इथून उतरली?' पाहुण्यांचे हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता मोजीत नाही. एसटीच्या एका गाडीचे नाव हिरकणी आहे. जुनी माणसे तिला अजून एशियाडच म्हणतात. पण नावाचा खरा उपयोग झाला तो हिरकणी कक्षांत. बसस्थानकांवर आणि कचेऱ्यांत आईला मुलाला पाजता यावे म्हणून जी आडोशाची खोली असते, तिला राज्यात हिरकणी कक्ष म्हणतात. एका स्थानकावर आम्ही त्या खोलीत केरसुण्या आणि बादल्या पाहिल्या. त्याबद्दल भांडलो आणि खोली मोकळी करून घेतली. भांडताना दुसरे काही सांगावे लागले नाही, फक्त दारावरचे नाव वाचून दाखविले.

कामकरी आईला प्रसूतीची रजा मिळावी म्हणून मुंबईच्या विधिमंडळात १९२८ साली डॉ. आंबेडकर बोलले आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. साऱ्या देशासाठी कायदा १९६१ साली आला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर ठेवणे व आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ देणे मालकावर बंधनकारक झाले. हे वाचून मग हिरकणीची कथा पाहा. ती वर का गेली होती? दूध घालायला, म्हणजे कामाला. तिला उशीर झाला आणि दरवाजा बंद झाला. नियम सर्वांना सारखा होता आणि घरी तान्हे तिचे होते.

आजवरच्या साऱ्या कथनांत कडा मोठा होत गेला आहे आणि दरवाजा लहान. पुढचा कोणी ही कथा मालिकेत नव्याने करणार असेल, तर त्याने एक पुरा भाग त्या दरवाज्यापाशी घालवावा, असे आम्हांला वाटते. तेथे पहारेकरी उभा आहे. तोही चाकरीचाच माणूस. दार उघडले तर त्याला सजा आहे, न उघडले तर ही बाई रडते आहे. कदाचित त्याच्याही घरी मूल असेल. त्याने काय उत्तर दिले, दोघांत किती वेळ बोलणे झाले, ती वळून कड्याकडे निघाली तेव्हा त्याने पाहिले की मान फिरविली, हे अजून कोणी सांगितलेले नाही.